ग्रंथालयाच्या भिंतीवरचा इतिहास



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण मला दिल्याबद्दल मी शाळेचा आभारी आहे. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना ओळखणारे अनेकजण आज या सभागृहात आहेत. त्यांचे गुणवर्णन मी करावे, एवढा माझा अधिकार नाही. विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकाबाहेर नेणे हे शिक्षकाचे पहिले काम, असे ते मानीत, हे मात्र त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी पुष्कळदा ऐकले आहे. तो धागा धरूनच मी आजचा विषय निवडला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात चित्रांची आणि मुद्रण, छायाचित्र, चित्रपट या माध्यमांच्या इतिहासाची प्रदर्शने का भरवावीत, आणि आपल्यासारख्या मराठी समाजाचा त्यांच्याशी काय संबंध, याविषयी मी बोलणार आहे.

मराठीच्या प्राध्यापकाने चित्रांविषयी का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर मराठीतच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजातील चित्रकथी कागदावर रंगविलेली चित्रे एकेक करून श्रोत्यांपुढे धरतात आणि रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगतात. एका कथेच्या चित्रांचा जो गठ्ठा, त्याला ते ‘पोथी’ म्हणतात. ज्या शब्दाने आपण ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखिताचा निर्देश करतो, तोच शब्द या माणसांनी चित्रांच्या जुडग्याला दिला आहे. लिहिलेली तीही पोथी आणि रंगविलेली तीही पोथी. ग्रंथालयात एक ठेवावी आणि दुसरी वस्तुसंग्रहालयात पाठवावी ही विभागणी पुढची आहे; आपल्या परंपरेने ती केलेली नाही.

ही विभागणी बाजूला सारण्याचा एक मोठा प्रयत्न या आपल्या वडोदऱ्यात झाला. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग म्हणून आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, हे आपण शाळेत शिकलो. पण वाचायला शिकलेल्या मुलाच्या हाती पुढे काही पडले नाही तर तो अक्षरे विसरतो, हेही महाराजांनी ओळखले होते. त्या जाणिवेतून ग्रंथालयांची योजना आली. अमेरिकेतील न्यू हेवन या गावचे अनुभवी ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना त्यांनी १९१० मध्ये येथे बोलावले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. मध्यवर्ती ग्रंथालय, जिल्ह्यांची व गावांची ग्रंथालये आणि लाकडी पेट्यांतून गावोगाव फिरणारी ग्रंथालये अशी साखळी उभी राहिली. ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक १९१२ पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले.

या ग्रंथालय खात्याला एक दृश्य शिक्षणाची शाखाही होती. मॅजिक लँटर्नच्या काचा, दोन भिंगांतून पाहावयाची स्टिरिओस्कोपची चित्रे आणि चित्रपटाचे यंत्र घेऊन या शाखेची माणसे खेड्यापाड्यांत जात आणि लोकांना विनामूल्य खेळ दाखवीत. ग्रंथालय खात्याने चित्रपट दाखवावा, ही कल्पना शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. ज्याला वाचता येत नाही, त्याचाही ग्रंथालयावर हक्क आहे, हा तिच्यामागचा विचार होता. पुस्तकाला पर्याय म्हणून नव्हे, तर पुस्तकाकडे जाणारी वाट म्हणून ही चित्रे दाखविली जात. आज विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रदर्शन भरवावे असे कोणी म्हटले, की ती परदेशातून आलेली नवी टूम आहे असे आपणास वाटते. तशी ती नाही. या शहराने ती वाट पूर्वीच चालून पाहिली आहे.

आता अशा प्रदर्शनात मांडावे काय? मी एकच उदाहरण विस्ताराने घेतो, कारण ते याच शहराचे आहे. राजा रविवर्मा यांना सयाजीराव महाराजांनी पौराणिक विषयांवरील चौदा चित्रे काढावयास सांगितली. १८९० च्या सुमारास ती पूर्ण झाली. राजवाड्यात लागण्यापूर्वी ती लोकांना पाहावयास ठेवली, तेव्हा पाहणाऱ्यांची मोठी गर्दी लोटली होती. आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढल्या तर त्या सामान्य माणसाच्या घरी जातील, ही सूचना रविवर्म्यांना सर टी. माधवराव यांनी केली होती. माधवराव म्हणजे मूळचे तंजावरकडील मराठी घराण्यातील मुत्सद्दी आणि काही काळ बडोदे संस्थानचे दिवाण. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांनी नंतर तो विकत घेतला.

या छापखान्यात चित्र कसे छापले जाई, हे समजून घेण्यासारखे आहे. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर स्निग्ध शाईने चित्र काढीत. दगड ओला केला, की जेथे चित्र नाही तेथे पाणी राही आणि छपाईची शाई तेथे धरत नसे. चित्राच्या रेषा मात्र ती धरीत. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. शकुंतलेच्या एका चित्रासाठी अनेक दगड आणि तितक्याच वेळा कागदाचा दाब, आणि दर वेळी कागद नेमक्या जागी बसला पाहिजे. केसभर सरकला की ओठांचा रंग हनुवटीवर येई. हे काम करणाऱ्या कारागिरांची नावे चित्राखाली नाहीत. आपण ज्याला ‘रविवर्म्याचे चित्र’ म्हणतो, ते आपल्या आज्यांच्या देवघरात आले ते या अनाम हातांतून.

तेथून ते चित्र आणखी पुढे गेले. कापडाच्या गठ्ठ्यांवरील लेबले, आगपेट्या, औषधांच्या व साबणांच्या जाहिराती, दिनदर्शिका यांवर त्याच लक्ष्म्या आणि सरस्वत्या अवतरल्या. घरोघरीच्या स्त्रियांनी छापील चित्रावर जर आणि टिकल्या शिवून देवीला खरे वस्त्र नेसविले. आणि एक वाट चित्रपटाकडे गेली. धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकले. हे कलाभवन प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये निघाले होते. फाळक्यांनी छायाचित्रण केले, रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम केले, स्वतःचा छापखाना काढला, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. राजवाड्याच्या भिंतीवरचे तैलचित्र, दगडावरचा छाप, आगपेटीवरचे लेबल आणि पडद्यावरची हलती प्रतिमा या चौघांचे नाते वीस-पंचवीस वर्षांच्या आत जुळले.

हे नाते दाखवावयाचे कोणी? कलादालन तैलचित्र दाखवील, पण आगपेटीचे लेबल तेथे सहसा येत नाही. चित्रपटाचा अभ्यासक पडद्यापासून सुरुवात करील. ही सर्व रूपे एकत्र आणून, त्यांच्या शेजारी त्या काळची वृत्तपत्रे, छापखान्याच्या किमतीच्या याद्या आणि नंतरच्या अभ्यासकांचे ग्रंथ ठेवणे ग्रंथालयाला शक्य असते. शिवाय ग्रंथालयातील प्रदर्शनाचा एक विशेष आहे. वस्तुसंग्रहालयात आपण काचेतून पाहतो आणि घरी जातो. ग्रंथालयात काचेतले पाहून झाल्यावर दहा पावलांवर मेज असते, आणि ‘या विषयावरचे पुस्तक मला वाचावयास द्या’ असे म्हणता येते. तेथे पाहणाऱ्याचा वाचक होतो. विद्यापीठाने प्रदर्शनावर पैसा का खर्च करावा, या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे.

तसेच अशा प्रदर्शनाने केवळ अभिमान जागवू नये, प्रश्नही विचारावेत. रविवर्म्यांच्या अनेक नायिका मराठी पद्धतीने नेसलेल्या लुगड्यात दिसतात. देव-देवतांना एकच चेहरा, एकच वस्त्र मिळाले, तेव्हा निरनिराळ्या प्रांतांची आणि जातींची जी आपापली रूपे होती, त्यांचे काय झाले? पिंगुळीच्या चित्रकथींच्या, पैठणच्या चित्रकारांच्या देवांना छापील देवांनी मागे सारले काय? चित्राशेजारच्या चार ओळींत हा प्रश्न लिहिला, तर महाविद्यालयातील मुलगा तेथे थांबेल. नुसते ‘महान कलाकृती’ असे लिहिले, तर तो पुढे जाईल.

आता माझ्या स्वतःच्या अभ्यासक्षेत्राकडे येतो. मी मराठी नियतकालिकांचा अभ्यास करीत आलो. डॉक्टरेटच्या काळात एका मोठ्या ग्रंथालयात मी महिनेच्या महिने जुन्या मासिकांचे बांधीव खंड चाळले. खंड उत्तम बांधलेले होते. पाठीवर सोनेरी अक्षरे होती. पण आत एकाही अंकाचे मुखपृष्ठ नव्हते. जाहिरातींची पाने नव्हती. बांधणी जाड होऊ नये म्हणून ती काढून टाकावयाची, असा तेथे शिरस्ता होता, आणि तो अनेक ग्रंथालयांत होता. लेख, कथा, कविता तेवढ्या ‘वाङ्मय’ आणि बाकीचे वेष्टण, असा त्यामागचा समज.

या समजाने किती गेले ते पाहा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मनोरंजन’ १८९५ मध्ये निघाले आणि १९०९ मध्ये त्याने मराठीतील पहिला दिवाळी अंक काढला. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने १९१० मध्ये ‘चित्रमय जगत्’ सुरू केले. त्याच्या नावातच चित्र आहे. मुंबईस हाजी महंमद अल्लारखिया शिवजी यांनी १९१६ मध्ये ‘वीसमी सदी’ हे गुजराती सचित्र मासिक काढले, आणि त्यात आपल्या कोल्हापूरच्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी चित्रे काढली. मराठी चित्रकार आणि गुजराती वाचक यांची ही भेट वडोदऱ्यातील मराठी माणसाने विसरू नये. ही मासिके कोण वाचीत होते, त्यांच्या घरात काय होते, कोणते तेल, कोणते घड्याळ, कोणती हार्मोनियम त्यांना हवी होती, वाचणारी स्त्री चित्रकाराने कशी रेखाटली, हे सांगणारी पाने तीच होती. लेखक काय म्हणतो ते लेखात असते. वाचक कोण होता हे पुष्कळदा मुखपृष्ठ आणि जाहिरात सांगते. आम्ही वाङ्मयाचा इतिहास लिहिला तो वाचकाविना लिहिला, याचे एक कारण बांधणाऱ्याच्या कात्रीत आहे.

चित्रपटाच्या बाबतीत तर परिस्थिती याहून कठीण. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३७०० फूट लांबीचा होता. आज त्याचा काही भागच उपलब्ध आहे. १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत ज्ञात नाही. जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई, कुजे, आणि चांदी काढण्यासाठी विकलीही जाई. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन होईपर्यंत पुष्कळ काही नाहीसे झाले होते. अशा चित्रपटांविषयी आज जे कळते, ते कागदावरून कळते: जाहिरात, स्थिरचित्र, भित्तिपत्रक, आणि चित्रपटगृहाच्या दारात आण्या-दोन आण्यांना मिळणारी गाण्यांची पुस्तिका. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवीत. भित्तिपत्रक भिंतीवर चिकटविण्यासाठीच छापलेले, पुस्तिका खेळ संपल्यावर टाकून देण्यासाठी. म्हणून ती जपण्याचे कोणाच्या मनात आले नाही. मळवलीच्या छापखान्यालाही १९७२ मध्ये आग लागली आणि जे काही तेथे उरले होते, त्यातील पुष्कळसे गेले.

एक उदाहरण मी मुद्दाम दूरचे देतो. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट पुण्यास होता. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या देखरेखीखाली तेथे एक चित्रशाळा चालली. तिच्यात तयार झालेला गंगाराम तांबट हा आपला माणूस. त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंड्याचे चित्र काढले. ही चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. २०११ मध्ये त्या केंद्राने १७७० ते १८३० या काळातील हिंदुस्थानविषयक चित्रांचे आणि कागदपत्रांचे प्रदर्शन भरविले, त्यात गंगारामाला मानाचे स्थान होते. पुण्यातील तांबटाची ओळख जगाला करून दिली ती एका विद्यापीठातील प्रदर्शनाने. ते केंद्र न्यू हेवन येथे आहे. ज्या गावाने आपल्याला बॉर्डन दिले, तेच हे गाव.

यावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक म्हणजे, त्यांनी आमचे नेले. दुसरे म्हणजे, नेले म्हणून टिकले. दोन्हींत थोडे सत्य आहे, पण दोन्हींत आपले कर्तव्य टळते. मला यातून एवढेच दिसते, की कोणीतरी ती पाने जपली, कोणीतरी त्यांची नोंद केली, आणि कोणीतरी ती भिंतीवर लावून त्यांच्याखाली गंगारामाचे नाव लिहिले. यांतील एकही गोष्ट करावयास आपल्याला अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. त्याचे हंसा मेहता ग्रंथालय याच शहरात आहे. १९५० मध्ये निघालेली ललितकला शाखा आहे, जिचे नाव ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन यांच्यामुळे देशभर झाले. दोहोंमध्ये चालत जाण्याइतकेच अंतर आहे. आणि मधोमध आपली घरे आहेत.

आपल्या घरांविषयी बोलून मी संपवितो. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात आणि आसपासच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबांचे जे वाडे होते, त्यांपैकी अनेक पाडले गेले आणि उरलेले पाडले जात आहेत. वाडा रिकामा करताना भांडी विकली जातात, लाकूड विकले जाते, पुस्तके कोणी मागितली तर दिली जातात. माळ्यावरचा कागद मात्र रद्दीत जातो. त्या कागदात काय असते? फ्रेममधून काढलेले शिळाछापाचे चित्र, कलाभवनात शिकलेल्या आजोबांच्या रेखाटनाच्या वह्या, मुखपृष्ठासकट दिवाळी अंक, लग्नपत्रिका, नाटकाच्या जाहिराती, काचेच्या निगेटिव्ह, कधी मॅजिक लँटर्नच्या काचा. विकत घेणाऱ्याला त्यातील देवादिकांची चित्रे हवी असतात. बाकीचे तो वजनावर नेतो.

या शाळेला मी एक विनंती करतो. ग्रंथालय आपल्या दारी येण्याची वाट आपण पाहू नये. वरच्या वर्गातील मुलांनी आपापल्या घरी आणि शेजारी जावे, असा कागद असेल तर त्याची साधी यादी करावी: वस्तू कोणती, कोणाच्या घरची, कोणत्या साली आली, कोणाला काय आठवते. चित्राच्या पाठीमागे शाईने लिहू नये. कोपऱ्यात हलक्या हाताने शिसपेन्सिलीने लिहावे. फाटले तर चिकटपट्टी लावू नये. तिचा डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. प्रदर्शनात मांडताना कागदावर प्रखर उजेड पडू देऊ नये. पन्नास लक्स एवढा मंद प्रकाश पुरे, आणि तोही काही महिनेच. एरवी मूळ चित्र पेटीत आणि भिंतीवर त्याची प्रत. घर सोडून वस्तू द्यावयाची नसेल तर देऊ नये, प्रत करून घेऊ द्यावी. यादी मात्र झालीच पाहिजे, कारण ज्याची नोंद नाही ते हरवले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि यादी तयार झाल्यावर विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे आपणच जावे, मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांतील मजकूर घेऊन जावे.

हा उद्योग मुलांना का सांगावयाचा, तेही सांगतो. या शहरातील आपली तिसरी-चौथी पिढी घरात मराठी बोलते, पण मराठी वाचणारी मुले थोडी आणि पणजोबांचे मोडी पत्र वाचू शकणारी त्याहून थोडी. त्यांच्यापुढे एकदम ग्रंथ ठेवला तर ती तो मिटतील. पण पणजीने जर शिवलेली लक्ष्मी पुढे ठेवली, तर हे कोणी केले, केव्हा केले, खाली काय लिहिले आहे, असे ती विचारतील; आणि खाली लिहिलेले वाचण्यासाठी तरी त्यांना अक्षरे लागतील. सयाजीरावांच्या ग्रंथालय खात्याने खेड्यातील निरक्षर माणसापुढे लँटर्नची काच धरली, ती याच विश्वासाने. आज तोच उपाय आपल्याला आपल्या सुशिक्षित नातवंडांवर करावयाचा आहे, ही गोष्ट थोडी संकोच वाटण्याजोगी असली, तरी उपाय चांगला आहे.

 ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान अर्पण आहे, त्यांना मी नम्रपणे अभिवादन करतो आणि आपली रजा घेतो.